लेडी बी गुड, १९४३: ३३० अंशांची रेघ बरोबर, टोक चुकलं

कंपासकाटा (धागालेखक)

लिबरेटर विमानांच्या जुन्या धाग्यावर 'लेडी बी गुड'चा विषय निघाला होता. तिथे "नेव्हिगेटर नवखा होता, चुकला" एवढ्यावर तो मिटवला गेला. मला ते पटलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. त्या विमानाचे सुटे भाग बसवलेली दुसरी विमानं कशी पडली, शाप होता का, हे कृपया इथे नको. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: बी-२४डी लिबरेटर, म्हणजे चार इंजिनांचं बाँबफेकी विमान, क्रमांक ४१-२४३०१, अमेरिकेचा ३७६वा बाँबर ग्रुप, ५१४वी स्क्वाड्रन. तळ लिबियात बेनगाझीच्या दक्षिणेला सोलूक. ४ एप्रिल १९४३ च्या दुपारी नेपल्स बंदरावर हल्ल्यासाठी २५ लिबरेटर दोन तुकड्यांत निघाली. हे विमान दुसऱ्या तुकडीत, अगदी शेवटी उडालेल्यांपैकी. उड्डाणाच्या वेळी वाळूचं वादळ होतं. त्या तुकडीतली बहुतेक विमानं इंजिनांत वाळू गेल्यामुळे अर्ध्यातून परतली, हे मात्र पुढे गेलं. नेपल्सजवळ पोचेपर्यंत संध्याकाळचे पावणेआठ-आठ झाले, अंधार पडला, लक्ष्य दिसेना. बाँब समुद्रात टाकून विमान एकटंच परतीला लागलं.

विमानात नऊ जण होते. पायलट हॅटन, सहपायलट टोनर, नेव्हिगेटर हेज, बाँबार्डियर (बाँब टाकणारा) वोराव्का, फ्लाइट इंजिनिअर रिपस्लिंगर, रेडिओ ऑपरेटर लामॉट, आणि गनर शेली, मूर, अ‍ॅडम्स. सगळ्यांची ही पहिलीच मोहीम. माणसं आणि विमान, दोन्ही मार्चमध्येच लिबियात आलेली.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिनाच्या रेडिओ केंद्राला कळवलं की स्वयंचलित दिशाशोधक (केंद्राकडे काटा वळवणारं यंत्र) चालत नाही, दिशा द्या. बेनिनाने ३३० अंश दिली (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं मोजून), म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला. पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आलं आणि सगळ्यांनी उड्या टाकल्या, समुद्राच्या आसपास असू असं समजून. प्रत्यक्षात ते सहाराच्या आत, किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे होते. विमानाचा सांगाडा बेनिनापासून सुमारे ७०० किमीवर, कलांशो वाळूसमुद्राजवळच्या सपाट खडीच्या मैदानावर १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना दिसला.

माझं म्हणणं एवढंच: ३३० हा आकडा चुकीचा नव्हता.

तारायंत्र

सहमत. पण "आकडा चुकीचा नव्हता" म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. नाहीतर लोक पुन्हा "रेडिओवाल्याने चुकीची दिशा दिली" इथेच येतील.

दिशा मोजायला त्या काळी लूप अँटेना वापरत. तारेची चौकट उभ्या दांड्यावर फिरवायची. चौकटीची कड येणाऱ्या लहरीकडे असली की आवाज सगळ्यात मोठा, चौकट आडवी असली की आवाज जवळजवळ बंद. ऑपरेटर मोठ्या आवाजावरून दिशा घेत नाही, कारण तिथे दहा-पंधरा अंश इकडेतिकडे फिरवलं तरी कानाला फरक कळत नाही. तो आवाज बंद पडायची जागा शोधतो, ती दोन-तीन अंशांत पकडता येते. गोम अशी की एका पूर्ण फेऱ्यात आवाज दोनदा बंद पडतो, बरोबर १८० अंशांच्या अंतराने. म्हणजे लूप तुम्हाला रेघ देते, टोक देत नाही.

टोक ठरवायला बाजूला उभी साधी काठीसारखी अँटेना जोडतात. तिचा सिग्नल लूपच्या सिग्नलमध्ये मिसळला की एका बाजूचा आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूचा घटतो, आणि दोनातलं एक टोक गळून पडतं. ही सोय नसेल तर केंद्राला ३३० आणि १५० यांतला फरक यंत्रावरून कळायचा मार्ग नाही. मग ऑपरेटर डोकं चालवतो. विमान नेपल्सला गेलंय, नेपल्स वायव्येला, म्हणून विमान वायव्येला. ३३०.

विमान तेव्हा १५० च्या टोकाला, म्हणजे तळ ओलांडून आग्नेयेला गेलेलं होतं.

शंकासुर

हे नेहमीचं स्पष्टीकरण झालं. पण १२:१२ ला विमान तळाच्या पुढे गेलं होतं हे कशावरून? अजून समुद्रावरच असेल आणि आकडा सरळ अर्थानेच बरोबर असेल, तर? मग केंद्राने काहीच चुकवलं नाही, विमानातल्यांनीच पुढे कुठेतरी घोळ घातला.

कंपासकाटा

रास्त प्रश्न. हिशेब करून बघू, दोन्ही बाजूंनी.

पुढून: नेपल्स ते सोलूक सरळ रेषेत साधारण ११५० किमी. परतीला पावणेआठ-आठला लागले असं धरू. रिकाम्या लिबरेटरचा सावकाश प्रवासवेग ताशी २९०-३०० किमी. म्हणजे चार तासांच्या आत-बाहेर, रात्री पावणेबारा-बाराला तळावर यायला हवं.

मागून: उड्या पडल्या ती जागा बेनिनापासून पावणेसातशे किमी, वेळ दोन. त्याच वेगाने सव्वादोन तास मागे या. पुन्हा पावणेबारा.

दोन वेगळ्या टोकांवरून निघून एकाच वेळेवर येतोय. १२:१२ ला विमान तळाच्या उत्तरेला असतं, तर तिथून दोन वाजेपर्यंत पावणेसातशे किमीहून जास्त कापायला ताशी पावणेचारशेच्या वर वेग लागला असता. रात्री, इंधन वाचवत जाणाऱ्या विमानाचा तो वेग नव्हे. शेपटीकडून उत्तरेचा वारा होता असं म्हणा हवं तर, पण मग तळावरून ते आणखी आधी गेलं असेल. तुमची बाजू त्याने लंगडीच होते.

शिवाय नेपल्स-सोलूक मार्गाची दिशा काढा: साधारण १५२ अंश, उलट ३३२. केंद्राची रेघ त्याच मार्गावर पडते. हेज मार्ग चुकला नव्हता. रेघेवरच होता, रेघेवर कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.

वाटाड्या

+१. "नेव्हिगेटर भरकटला" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. बाराशे किमी अंधारात येऊन दोन-चार अंशांत मार्ग राखणं ही नवख्याची चूक नव्हे.

पण शंकासुरांच्या बाजूने एक मुद्दा. दिशा एकदाच का मागितली? शंका असेल तर करायची गोष्ट साधी आहे. विमान रेघेला काटकोनात दहा मिनिटं न्यायचं आणि पुन्हा दिशा मागायची. १५० ने चाललेलं विमान डावीकडे वळून ६० ने, म्हणजे ईशान्येला, पन्नासेक किमी गेलं असं समजा. विमान वायव्येला असेल तर केंद्राचा आकडा ३३० च्या वर चढेल. आग्नेयेला असेल तर तोच आकडा ३३० च्या खाली उतरेल. दोन्ही वेळी केंद्र गृहीत टोकच वाचणार, तरी आकडा कुठल्या बाजूला सरकला यावरून खरं टोक उघडं पडतं. आणि किती अंश सरकला यावरून अंतरही निघतं: पन्नास किमीला अठरा-वीस अंश फरक म्हणजे केंद्र दीडशे किमीवर.

दुसरी तपासणी आकाशात. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासून उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश. सोलूक ३१.७ अंशांवर. सव्वाच्या सुमाराला सेक्स्टंट (ताऱ्याची उंची मोजायचं यंत्र) लावला असता तर २८ च्या आसपास आकडा आला असता. साडेतीन अंश कमी, म्हणजे चारशे किमी दक्षिणेला. विमानाच्या सेक्स्टंटने पंधरा-वीस किमीची चूक होते, चारशेची नाही. हेजची नोंदवही नेपल्सच्या आसपास थांबते. परतीचा एकही वेध त्यात नाही.

तारायंत्र

@वाटाड्या, तपासणी बरोबर, पण ती शंका आल्यावर करायची. शंका येण्यासारखं काय होतं? घड्याळ म्हणतंय तळ आला असावा. खाली काही दिसत नाही. यंत्र बंद आहे. केंद्राला विचारलं तर ते म्हणतंय तुम्ही अजून वायव्येला आहात. म्हणजे समोरून वारा लागतोय, उशीर होतोय, चालत रहा. केंद्राच्या उत्तराने शंका फिटली, हाच तर घात आहे. उत्तर आलंच नसतं तर कदाचित त्यांनी घिरट्या घातल्या असत्या.

शंकासुर

वेळेचा हिशेब मान्य. पण खाली किनारा दिसला नाही? समुद्र संपून जमीन लागते ते रात्रीही कळतं.

कंपासकाटा

त्या रात्री चंद्र नव्हता, अमावास्या होती. तळ युद्धातला, दिवे विझवलेले. आणि उजाड किनाऱ्यावर वाळू आणि पाणी यांत चांदण्याशिवाय फरक दिसत नाही. तळावर त्या रात्री विमानाचा आवाज ऐकून प्रकाशगोळे उडवले होते, तेही वरून दिसले नाहीत.

लोहगावकर

विमानाबद्दल थोडं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची १४ सिलिंडरची चार इंजिनं, प्रत्येकी १२०० अश्वशक्ती. मुख्य टाक्यांत सुमारे २,३४० अमेरिकी गॅलन पेट्रोल. चारी इंजिनं मिळून सावकाश प्रवासात ताशी दोनशे गॅलनच्या आसपास पितात, उड्डाण आणि चढाईत त्याहून बरंच जास्त. दुपारी तीनच्या सुमारास उडालेलं विमान पहाटे दोनला कोरडं पडणं हे अगदी हिशेबात बसतं. टाकी फुटली, गळती झाली असं काही मानायची गरज नाही.

इंधन किती उरलंय हे बघायला डायल नव्हते. कॉकपिटच्या मागच्या भिंतीवर उभ्या काचेच्या नळ्या, त्यांत पेट्रोलची पातळी बघायची. विमान नाक वर किंवा एका अंगावर कलतं असेल तर पातळी खोटी दाखवते. शेवटच्या पाऊण तासात त्या नळ्यांवर भरवसा नाही.

सांगाडा सापडला तेव्हा तीन इंजिनांच्या पंख्यांची पाती वाऱ्याला धारेने वळवून ठेवलेली होती (बंद पंख्याने हवा अडवू नये म्हणून तसं करतात), चौथं जमिनीला टेकेपर्यंत चालू होतं. म्हणजे इंजिनं एकामागून एक बंद पडली, रिपस्लिंगर-हॅटनने प्रत्येकाची पाती रीतसर वळवली, आणि चौथ्यावर असताना सगळे बाहेर पडले. घाबरगुंडी उडालेल्यांचं हे काम नाही.

त्यानंतर ते रिकामं विमान आणखी २६ किमी गेलं आणि पोटावर घसरत थांबलं. लोकांना यात चमत्कार वाटतो. बाँब नाहीत, इंधन नाही, माणसं नाहीत. वजन उड्डाणाच्या वेळच्या निम्म्याच्या आसपास. लिबरेटरचा पंख लांब आणि अरुंद, ३३.५ मीटर, हलक्या वजनात छान तरंगतो. आणि खाली मैलोनमैल टेबलासारखी खडी. धड मात्र पंखांच्या मागे मोडलंच. पोटावर उतरताना लिबरेटर तिथेच मोडतं, बाँब ठेवायच्या कप्प्याची दारं गुंडाळी शटरसारखी असल्यामुळे खालून आधारच नाही.

अवांतर: हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे पुण्यात लोहगावला १९६८ पर्यंत लिबरेटर होती, समुद्रावरच्या टेहळणीसाठी. कानपूरला युद्धानंतर मोडीत काढलेल्यांतून हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त करून दिलेली. जगातल्या संग्रहालयांत आज उभी असलेली काही लिबरेटर तिथूनच गेली.

शंकासुर

मग उडी मारलीच कशाला? विमान तर आपणहून सुखरूप उतरलं. आत बसले असते तर नऊच्या नऊ जिवंत, आणि रेडिओही हाताशी.

लोहगावकर

हे आता नकाशा समोर ठेवून बोलणं झालं. त्यांच्या दृष्टीने खाली समुद्र होता किंवा काय होतं ते माहीत नव्हतं. अंधारात, एका इंजिनावर, न दिसणाऱ्या पृष्ठभागावर लिबरेटर उतरवणं म्हणजे मरण. पाण्यावर तर हे विमान कुप्रसिद्ध, वर सांगितलेल्या शटरमुळे पोट फाटून मिनिटांत बुडतं. उडी हाच नियम होता आणि नियम बरोबर होता. फक्त वोराव्काची हवाई छत्री नीट उघडली नाही.

वाळूघड्याळ

इथून पुढचं मी लिहितो.

टोनरने खिशातल्या डायरीत ४ ते १२ एप्रिल रोजच्या रोज दोन-तीन ओळी लिहिल्या. (त्यात नेपल्सला २८ विमानं गेली असं लिहिलंय. खरी २५. धाग्यावर कोणी तो आकडा देईल म्हणून आधीच सांगतो.) रिपस्लिंगरकडेही डायरी होती.

आठ जण एकत्र जमले, वोराव्का सापडला नाही. सामान: थोडं खाणं, काही छत्र्या, आणि पाण्याची अर्धी बाटली. अमेरिकी फौजी बाटली साधारण ९५० मिलि, म्हणजे अर्धी पावणेपाचशे. आठ माणसांत, रोज प्रत्येकी एक बूचभर. आठवडाभर पुरवलं तर माणशी दिवसाला सात-आठ मिलि येतं. पोह्याचा अर्धा चमचा. उन्हात चालताना अंगातून तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम सहज जातो, त्यापुढे हे पाणी म्हणजे फक्त जीभ ओली करणं.

ते वायव्येला निघाले. वाटेत छत्र्यांच्या पट्ट्या आणि बूट दगडांखाली दाबून बाण करत गेले, मागून येणाऱ्यांसाठी. दुपारी पडून राहायचं, इतर वेळी चालायचं. दिवसा ऊन, रात्री डायरीप्रमाणे ३५ फॅरनहाइट, म्हणजे दोन अंश सेल्सिअस. घाम आणि थंडी दोन्हींनी मारलं. ८ तारखेला खडी संपून वाळूच्या टेकड्या लागल्या. उडत्या वाळूने सगळ्यांचे डोळे बिघडले, लामॉटला दिसेनासं झालं. ९ तारखेला शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे गेले, बाकी पाच जण तिथेच थांबले. १२ तारखेची नोंद मोजक्या शब्दांची: मदत आली नाही, रात्र फार थंड.

पाचांची जागा उतरल्या ठिकाणापासून सव्वाशे किमीच्या पुढे. शेली आणि रिपस्लिंगर त्याच्याही पुढे तीस-चाळीस किमी, वाळूच्या टेकड्यांतून. १९५९ च्या शोधपथकाने वाटेतले बाण बघितले आणि वाळूसमुद्राच्या काठावर थांबलं. एवढ्या पाण्यावर कोणी आत शिरलं असेल असं त्यांनी धरलंच नव्हतं.

शंकासुर

आणि विमान उलट्या बाजूला, २६ किमीवर?

वाळूघड्याळ

हो. दक्षिणेकडे. त्यात पाणी होतं, खाणं होतं, थर्मासमधलं पेय सोळा वर्षांनीही पिण्यासारखं निघालं, आणि रेडिओ चालत होता. त्याच्याही पुढे, तीनशे किमीच्या आत, कुफ्राचं ओअॅसिस. १९४१ पासून दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात. वायव्येला किनारा सहाशेच्या वर.

पण त्यांना काय माहीत होतं ते धरा. विमान पडलं कुठे ते माहीत नाही, ते जळून गेलं असेल असंच कोणीही समजेल. नेपल्सहून आग्नेयेला येत होतो, म्हणजे तळ फार तर थोडा मागे राहिला, म्हणून वायव्य. केंद्राने दिलेली रेघ पायी उलटी चालत होते ते. दिशा पुन्हा बरोबरच होती.

वाटाड्या

"विमानाजवळ थांबायला हवं होतं" म्हणणाऱ्यांसाठी कुफ्राचंच दुसरं उदाहरण. ४ मे १९४२ ला दक्षिण आफ्रिकेच्या १५व्या स्क्वाड्रनची तीन ब्लेनहाइम कुफ्राहून गस्तीला निघाली, वाट चुकून वाळवंटात उतरली. १२ माणसं. ती विमानांजवळच राहिली. पाणी लवकर संपलं. काहींनी होकायंत्रातला अल्कोहोल प्यायला, गारव्यासाठी अंगावर अग्निशामकाची फवारणी केली, त्याने कातडी भाजून फोड आले. एक विमान शोधपथकाला ९ तारखेला मिळालं, बाकीची दोन ११ ला. जिवंत एक. मे महिना होता, एप्रिल नव्हे. थांबणं कामाला येतं ते शोधणाऱ्याला जागा ठाऊक असेल तेव्हा. आणि हॅटनच्या विमानाचा शोध तर समुद्रात घेतला गेला होता.

कंपासकाटा

सापडण्याचा क्रम एकत्र देतो, वेगवेगळे लेख तो उलटसुलट करतात.

नोव्हेंबर १९५८ मध्ये ब्रिटिश तेल कंपनीच्या लोकांनी विमान हवेतून पाहिलं. फेब्रुवारी १९५९ च्या शेवटी त्यांचे भूगर्भतज्ज्ञ गाडीने तिथे पोचले: माणूस नाही, छत्री नाही. मे १९५९ मध्ये त्रिपोलीजवळच्या व्हीलस तळावरून अमेरिकी पथक गेलं. ११ फेब्रुवारी १९६० ला तेलवाल्यांनाच पाच देह सापडले: हॅटन, टोनर, हेज, लामॉट, अ‍ॅडम्स. मे १९६० मध्ये शेली आणि रिपस्लिंगर. ऑगस्ट १९६० मध्ये वोराव्का, अर्धवट उघडलेल्या छत्रीसह. मूर आजवर सापडलेला नाही.

सांगाडा ऑगस्ट १९९४ मध्ये लिबियाच्या पुरातत्त्व खात्याने उचलून तोब्रुकला नेला. तोवर हौशी लोकांनी बरंच ओरबाडून नेलं होतं.

शंकासुर

केंद्राच्या चुकीवर माझं मत बदललं. एक शेवटचं: विमानातला स्वयंचलित दिशाशोधक बिघडला नसता तर?

तारायंत्र

तर १२:१२ चा प्रश्नच विचारावा लागला नसता. त्या यंत्रात टोक ठरवायची अँटेना आतच जोडलेली असते, काटा सरळ केंद्राकडे वळतो. केंद्र ओलांडलं की काटा अर्धा फेरा फिरून मागे जातो, ते कोणालाही दिसतं.